कामगिरीआधारित रसद व्यवस्था

कामगिरीआधारित रसद व्यवस्था ही लष्करी सामग्रीच्या देखभालीची एक करारपद्धती आहे. तीत पुरवठादाराला मोबदला मिळतो तो पुरवलेल्या सुट्या भागांवर किंवा दुरुस्तीच्या तासांवर नव्हे, तर सामग्री किती काळ वापरण्याजोगी राहिली यावर.

पारंपरिक करारात सेनादल सुटे भाग विकत घेते आणि प्रत्येक दुरुस्तीचे पैसे वेगळे मोजते. भाग जितका वारंवार बिघडेल तितकी पुरवठादाराची कमाई वाढते. विमान मात्र हँगरमध्ये उभे राहते. या पद्धतीत हे गणित उलटते. मोबदला आधीच ठरलेला असल्यामुळे बिघाडाचा खर्च पुरवठादाराच्या नफ्यातून जातो आणि टिकाऊ भाग बसवणे त्याच्याच हिताचे ठरते. अर्थात त्यासाठी करार दीर्घ मुदतीचा हवा. वर्षभराच्या करारासाठी कोणी इंजिनाच्या सुधारणेवर खर्च करत नाही.

या कल्पनेचे मूळ लष्करी नाही. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने छोट्या जेट विमानांच्या व्हायपर इंजिनांची देखभाल उड्डाणाच्या दर तासामागे ठरावीक रक्कम घेऊन करण्याची योजना आणली. अमेरिकेच्या संरक्षण विभागाने २००१ पासून या पद्धतीला प्राधान्य दिले.

भारतातील वापर

सुखोई-३० एमकेआय विमानांची बांधणी व दुरुस्ती नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात होते. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालानुसार या विमानांची उपलब्धता ७५ टक्क्यांच्या निकषाऐवजी ५५ ते ६० टक्के होती. पुढच्याच वर्षी झालेल्या ३६ राफेल विमानांच्या करारात मात्र पाच वर्षे किमान ७५ टक्के विमाने उड्डाणसज्ज ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकण्यात आली.

मर्यादा

सर्वांत कळीचा प्रश्न मोजमापाचा असतो. विमान उडू शकते, पण त्याचे रडार बंद आहे, तर ते ‘उपलब्ध’ धरायचे का, हे करारातील व्याख्येवर ठरते. शांतताकाळातील उड्डाणतास गृहीत धरून ठरवलेला दर युद्धकाळात अपुरा पडू शकतो. शिवाय खासगी तंत्रज्ञांना आघाडीच्या तळावर जाण्याची सक्ती करणे अवघड असते. दीर्घकाळ बाहेरच्यांवर विसंबल्याने सेनादलाचे स्वतःचे तंत्रकौशल्य क्षीण होते. तांत्रिक आराखडे आणि बिघाडांच्या नोंदी पुरवठादाराकडेच राहिल्या, तर मुदत संपल्यावर त्याच्याशी नवा दर ठरवताना ग्राहकाची बाजू लंगडी पडते.