नागरी बाजारपेठेतील दृश्य-प्रदूषणाची कारणमीमांसा

छत्रपती संभाजीनगर येथील पैठण दरवाजापासून गुलमंडीकडे जाणाऱ्या टिळक पथावर उभे राहिले असता प्रथम दृष्टीस पडतात ते फलक, इमारती मागाहून. या अवस्थेस दृश्य-प्रदूषण ही संज्ञा लावली जाते. फलक कुरूप आहेत, एवढ्याने मात्र तिचा उलगडा होत नाही. कारण एकेकटे पाहिल्यास त्यांतील बहुतेक नेटके असतात. दोष फलकांच्या परस्परसंबंधात आहे.

१९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांत चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदावर अवलंबून असते, असा सिद्धान्त मांडलेला आहे. हाच न्याय फलकास लागू पडतो. शेजारच्याहून मोठा फलक लावणाऱ्या व्यापाऱ्यास क्षणभर लाभ होतो. शेजाऱ्याने तेच केले की भेद नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ वाढलेला आकार. प्रत्येकाची कृती तर्कशुद्ध, परंतु समुदायाचे फलित निरर्थक, असे हे पहिले कारण होय.

दुसरे कारण साधनाचे. फलक हाताने रंगविला जाई तेव्हा प्रत्येक अक्षरास वेळ व मजुरी लागे. त्यामुळे मजकूर आपोआप आखूड राही. यंत्रावर छापलेल्या फ्लेक्सने हे बंधन नाहीसे केले. चित्र, दूरध्वनी क्रमांक, मालाची यादी यांस आता वेगळे मोल पडत नाही.

अनेक लिपी हे तिसरे कारण म्हणून पुष्कळदा पुढे केले जाते. ते ग्राह्य नाही. १९४८ पर्यंत निजामी राज्यात उर्दू राजभाषा होती. नागरी, उर्दू व रोमन या तिन्ही लिपी या शहराच्या इतिहासाचाच भाग आहेत. एका मर्यादित फलकावर तिन्ही सुखाने नांदू शकतात.

खरे तिसरे कारण नियमनाच्या स्वरूपात आढळते. दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार नामफलकावर मराठी मजकूर प्रथम असावा व त्याची अक्षरे इतर लिपींहून लहान नसावीत. ही तरतूद अक्षरांचे परस्पर प्रमाण ठरविते, फलकाचे एकूण क्षेत्र नव्हे. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००७ पासून बाह्य जाहिराती बंद करून नामफलकाचे क्षेत्र दुकानाच्या दर्शनी रुंदीशी निगडित केले. तेथे मर्यादा घातली गेली ती एकूण भारास.

यात पणास लागते ते केवळ सौंदर्य नव्हे. वाहतुकीची सूचना चालकाच्या नजरेतून निसटते, ऐतिहासिक दरवाजा पार्श्वभूमीत विरतो, आणि ज्या मराठी नावासाठी कायदा झाला ते नाव, नियमाप्रमाणे मोठे असूनही, वाचले जात नाही. भाषेस फलकावर स्थान मिळणे आणि ती वाचली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी साधावयाची तर फलकाभोवती रिकामी जागा राखणे अगत्याचे ठरते.