घोड्याचा साज : चामड्याचा की नायलॉनचा?

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत. त्यामुळे आपल्या अमरगोळकर कुटुंबांनाही तेथे घोड्यावर बसण्याचा योग येतो. त्याचा साज कशाचा असावा?

चामडे अंगाचे वळण घेते. पण घामाने कडक होते व दमट हवेत त्याला बुरशी येते. त्यास नियमित तेलपाणी हवे. नायलॉन हलके, धुण्यास सोपे. परंतु त्याची कड कातडी सोलते, आणि मोहरकी कोठे अडकल्यास ती तुटत नाही, मान दुखावते. म्हणून मोहरकी चामड्याची व खोगीर धुता येण्याजोगे, हे बरे.

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निंदेने वापरतो. घोड्याचा कणा मात्र तीच सांभाळते. ती दबली, तर दोन्ही साज सारखेच घातक. बसण्यापूर्वी तंगाच्या कडेला पाहावे. जखम दिसल्यास पायी जावे.