आजीचे डोळे

आजी छत्रीबागेत राहायची म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांना पावसाळी छत्र्या आठवतात. आमच्या इंदूरच्या या छत्र्या दगडी आहेत, होळकर घराण्यातल्या गेलेल्या माणसांची स्मारकं. आजी लग्न होऊन इथे आली ती कायमचीच. वेंकटेश मंदिराची रथयात्रा, जीरावन भुरभुरलेले पोहे आणि "काय करून राहिलाय रे बेटा?" असं तिचं इंदुरी मराठी. पुण्याचे पाहुणे हसायचे, ती त्यांना आणखी पोहे वाढायची.

अहिल्याबाईंची तिची गोष्ट आमच्या पुस्तकातल्यापेक्षा वेगळी असे. राज्यकारभार थोडा, गेलेली माणसं जास्त. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. उतारवयात नातू आणि मुलगीही. "रडली असेल ना? पण घाट बांधायचे थांबवले नाहीत," एवढंच आजी म्हणायची. माझे धाकटे काका तरुणपणीच गेले. त्यांच्याबद्दल ती क्वचितच बोले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिने नेत्रदानाचा फॉर्म मागवला. घरात वादळच! आत्या म्हणाली, "पुढच्या जन्मी आंधळी जन्मशील." आजी शांतपणे म्हणाली, "पुढच्या जन्माचं तेव्हा पाहू. छत्री काही माझी कुणी बांधणार नाही, मग डोळे तरी चालू राहू देत." बाबांना पटलं नव्हतं, तरी साक्षीदार म्हणून सही त्यांनीच केली. नुसता फॉर्म भरून भागत नाही, ऐन वेळी घरच्यांची संमती लागते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून दर दिवाळीला ती बाबांकडून पुन्हा वदवून घ्यायची.

ती श्रावणात गेली, पहाटे, झोपेतच. रडारड सुरू झाली आणि बाबाच आधी उठले. नेत्रपेढीला फोन केला, पंखा बंद केला, तिच्या डोक्याखाली उशी दिली, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. हे सगळं तिनेच त्यांना शिकवून ठेवलं होतं. डोळे साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. वय आड येत नाही, चष्मा नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशनही नाही. भर पावसात दोघं जण आले आणि अर्ध्या तासाच्या आत काम झालं. चेहरा होता तसाच, मिटल्या डोळ्यांचा. आत्याने जवळ जाऊन पाहिलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. नेत्रदानाबद्दल ती नंतर काहीच बोलली नाही.

पुढे पत्र आलं. दोन्ही डोळ्यांचे कॉर्निया दोन वेगवेगळ्या माणसांना बसवले होते. नावं सांगत नाहीत, तसा नियमच आहे. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, त्याने डोळ्यांचा रंग बदलत नाही, हे मी बाबांना दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. तरीही हल्ली सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना ते अनोळखी लोकांच्या डोळ्यांत जरा जास्तच वेळ बघतात, आणि आई त्यांना कोपराने ढोसते.