लॅन कार्ड घेण्याआधी: आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

आमच्या इमारतीतल्या एका काकांनी घरी ३०० मेगाबिटचं इंटरनेट घेतलं. मोबाइलवर वेग बरा दिसायचा, पण डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट ९४च्या पुढे जाईना. दुकानात सांगितलं गेलं, “मदरबोर्डवरचं लॅन कमजोर आहे, चांगलं कार्ड टाका.” नवं कार्ड आणलं, बसवलं, टेस्ट केली. पुन्हा ९४.

शेवटी मी भिंतीजवळचं केबलचं टोक उजेडात धरलं. पारदर्शक प्लगमध्ये नारिंगी आणि हिरवी जोडी नीट बसलेली होती, निळी आणि तपकिरी मुळापासून छाटलेली. आठपैकी चारच तारा जोडलेल्या होत्या. वीस रुपयांचा नवा प्लग घेतला, आठही तारा क्रमाने लावून क्रिंप केल्या आणि वेग तीनशेच्या घरात गेला. कार्डाचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

इमारतीच्या टाकीतून दोन इंची पाइप आला, तरी नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली नळाच्या हिशोबानेच भरते. नेटवर्कचंही तसंच आहे. सेवेचा प्लॅन, राउटर, केबल, कार्ड आणि डिस्क यांतला जो भाग सर्वांत अरुंद, तोच वेग ठरवतो. कार्डाबद्दलचे बहुतेक गैरसमज हे एवढं नजरेआड झाल्यामुळे होतात.

गैरसमज १: इंटरनेट हळू चालतं, म्हणजे लॅन कार्ड जुनं झालं.

वस्तुस्थिती: तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिट इथरनेटचं मानक १९९९ सालचं आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक मदरबोर्डांवर गिगाबिट पोर्ट असतोच. १००, २०० किंवा ५०० मेगाबिटच्या प्लॅनला तो पुरून उरतो.

आधी लिंक स्पीड बघा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग इथरनेट उघडलं की तिथे तो आकडा दिसतो. लिनक्सवर इथटूल ही आज्ञा तोच आकडा देते. तिथे १०००/१००० असेल तर कार्डाला दोष देऊ नका. १००/१०० दिसत असेल तर संशय आधी केबलवर घ्या. १०० मेगाबिटच्या जोडणीला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली की बहुतेक कार्डं निमूटपणे १००वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. स्पीड टेस्ट ९४-९५वर अडकणं ही या दोषाची ठरलेली खूण आहे, कारण १०० मेगाबिटच्या लिंकमधून प्रत्यक्ष तेवढाच डेटा येतो. केबल चांगली असूनही आकडा हलला नाही, तर राउटरचा पोर्टच १०० मेगाबिटचा नाही ना, हे तपासा.

गैरसमज २: १००० मेगाबिटचं कार्ड आहे, तर एका सेकंदात १००० एमबीची फाइल यायला हवी.

वस्तुस्थिती: नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे गिगाबिट कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट. पत्ते, तपासणी आणि मधली मोकळी जागा वजा जाता हातात ११० ते ११८च्या आसपास पडतात. कॉपी करताना ११२ दिसलं, तर कार्ड आपलं काम चोख करत आहे.

गैरसमज ३: कार्ड जितकं वेगवान, तितका फायदा. घ्यायचंच तर थेट १० गिगाबिटचं घ्यावं.

वस्तुस्थिती: वेग दोन टोकांमध्ये ठरतो. राउटर किंवा स्विच गिगाबिटचा असेल, तर १० गिगाबिटचं कार्ड त्याच्याशी गिगाबिटनेच बोलणार. काही जुनी १० गिगाबिटची कार्डं दहाहून कमी वेगावर उतरतात तेव्हा मधला अडीच गिगाबिटचा टप्पा त्यांना ठाऊकच नसतो, कारण अडीच आणि पाच गिगाबिटचं मानक २०१६ साली आलं आणि तांब्याच्या तारेवरच्या १० गिगाबिटचं त्याच्या दहा वर्षं आधी.

डिस्कचाही विचार करा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइटच्या आसपास थकते. अडीच गिगाबिटच्या जोडणीतून सुमारे २८० मेगाबाइट येऊ शकतात, म्हणजे तिथेच डिस्क मागे पडते. त्यातून १० गिगाबिटची तांब्याच्या तारेची कार्डं चांगलीच तापतात. सर्व्हरमधून काढलेली जुनी कार्डं स्वस्त मिळतात, पण ती सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसमोर चालण्यासाठी बनलेली असतात. घरच्या बंद कॅबिनेटमध्ये त्यांना वारा मिळत नाही.

घरात व्हिडिओ संकलनाचं काम असेल, नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, मोठ्या फाइली ठेवत असाल, तर अडीच गिगाबिटचं कार्ड हा आज समजूतदार मध्यममार्ग आहे. चांगली कॅट-५ई केबल त्याला १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे भिंती फोडून नवी वायरिंग करावी लागत नाही.

गैरसमज ४: केबलवर कॅट-६ छापलंय, म्हणजे केबल चांगलीच.

वस्तुस्थिती: स्वस्त केबलींमध्ये बऱ्याचदा अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशी तार इथरनेट केबलच्या मानकात बसत नाही. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर वेग टिकवत नाही. ओळखायचं सोपं आहे: तारेचं टोक ब्लेडने हलकेच खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर अॅल्युमिनियम, लालसरच राहिलं तर तांबं. कार्डावर दोन हजार घालून केबलवर दोनशे वाचवू नयेत.

गैरसमज ५: गेमिंग कार्ड घेतलं की पिंग कमी होतो.

वस्तुस्थिती: २००६ साली अमेरिकेत ‘किलर’ नावाचं कार्ड आलं होतं. त्यावर स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी होती आणि खेळाची पाकिटं आधी पुढे नेण्याचा दावा होता. तेव्हापासून ही समजूत रुजली आहे.

पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. त्याचा हिशोब करून बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ७,८०० किलोमीटर, म्हणजे वाटेत कुठेही न थांबता ३९ मिलिसेकंद लागणारच. केबलने जोडलेल्या घरच्या राउटरपर्यंत जायला-यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. त्यात कार्डाने कितीही बचत केली, तरी खेळणाऱ्याला ती जाणवणार नाही. पिंग खरोखर सुधारायचा असेल तर वायफाय सोडून केबल लावा आणि जवळचा सर्व्हर निवडा. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करत असेल तर राउटरमध्ये त्याला मर्यादा घाला.

गैरसमज ६: कुठलंही कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये बसतं.

वस्तुस्थिती: जुना पांढरा पीसीआय स्लॉट आणि आजचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट यांचा एकमेकांशी मेळ नाही. एक्सप्रेसमधलं सर्वांत लहान, एक्स-१ कार्ड मात्र मोठ्या एक्स-४ किंवा एक्स-१६ स्लॉटमध्येही बसतं आणि चालतं. दुसऱ्या पिढीच्या एक्स-१ स्लॉटची क्षमता सेकंदाला ५०० मेगाबाइट आहे. गिगाबिट आणि अडीच गिगाबिटला ती पुरेशी आहे. १० गिगाबिटला १,२५० लागतात, म्हणून ती कार्डं बहुधा एक्स-४ असतात.

माणसं सर्वांत जास्त अडतात ती कार्डाच्या टोकाला असलेल्या धातूच्या पट्टीपाशी. ऑफिसातून निघालेले छोटे, पातळ डेस्कटॉप आता बऱ्याच घरांत आहेत. त्यांना ८ सेंटिमीटरच्या आसपासची बुटकी पट्टी लागते, नेहमीची १२ सेंटिमीटरची असते. कार्ड उत्तम आणि पट्टी उंच, मग कॅबिनेटचं झाकणच लागत नाही. खोक्यात दोन्ही पट्ट्या आहेत का, हे पैसे देण्याआधी उघडून बघा.

गैरसमज ७: वायफाय कार्डावर ३००० लिहिलंय, म्हणजे ३००० मेगाबिट मिळणार.

वस्तुस्थिती: हा बेरजेचा आकडा आहे. ५ गिगाहर्ट्झवर २४०२ आणि २.४वर ५७४ मिळून तो होतो. वायफाय ६चं कार्ड एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेलं असतं. २४०२साठी राउटरही १६० मेगाहर्ट्झचा चॅनल देणारा लागतो, आणि तो आकडाही हवेतल्या जोडणीचा असतो. फाइल त्याहून बरीच सावकाश येते.

अँटेनाची जागाही पाहा. टेबलाखाली, भिंतीला टेकलेल्या लोखंडी कॅबिनेटच्या मागे अँटेना अडकली तर महागडं कार्डही गुदमरतं. वायरने वर टेबलावर ठेवता येणारी अँटेना असलेलं कार्ड घ्या.

दोन बारकावे आणखी. कार्डाबरोबर येणारी बारीक वायर मदरबोर्डच्या यूएसबी पिनांना जोडली नाही तर वायफाय चालतं, पण ब्लूटूथ दिसतच नाही. सुटं मॉड्यूल घेत असाल, तर इंटेलचे एएक्स २०१ आणि २११ हे फक्त त्याच कंपनीच्या ठरावीक प्लॅटफॉर्मवर चालतात. एएक्स २०० आणि २१०ला ती अट नाही.

गैरसमज ८: नवं कार्ड लावल्यावर नेट बंद पडलं, म्हणजे कार्ड खराब.

वस्तुस्थिती: बऱ्याचदा दोनच कारणं असतात. पहिलं, ड्रायव्हर. अडीच गिगाबिटची अनेक कार्डं जुन्या विंडोजला आपोआप ओळखता येत नाहीत, आणि नेटच नसल्यामुळे ड्रायव्हर उतरवता येत नाही. तो आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. दुसरं, मॅक पत्ता. प्रत्येक कार्डाचा ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. राउटर न लावता केबल थेट संगणकात घेतली असेल, तर काही स्थानिक सेवादाते हा पत्ता बांधून ठेवतात. कार्ड बदललं की पत्ता बदलतो आणि जोडणी नाकारली जाते. त्यांना फोन करून नवा पत्ता नोंदवला की काम होतं.

मग कार्ड घ्यायचं कधी? मदरबोर्डवरचा पोर्ट खरोखर मेला असेल तेव्हा. वळवाच्या पावसात गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा झटका आला की आधी हाच पोर्ट जातो, बाकी संगणक ठणठणीत राहतो. अशा वेळी मदरबोर्ड बदलायला निघू नका. साधं गिगाबिट कार्ड हजार रुपयांच्या आत मिळतं आणि दहा मिनिटांत बसतं. कॅबिनेट उघडायचं नसेल तर यूएसबी अडॅप्टरही चालतो, मात्र तो यूएसबी ३चा घ्या आणि तशाच पोर्टमध्ये लावा. यूएसबी २ची मर्यादाच ४८० मेगाबिट आहे. आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की ती बाहेरची केबल काढून ठेवा.

दुकानात जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: प्लॅनचा वेग, राउटरच्या पोर्टचा वेग, आत्ता दिसणारा लिंक स्पीड आणि रिकामा स्लॉट कोणता. कागद समोर ठेवून पाहिलंत तर नवं कार्ड हवं की नवा प्लग, हे तुमचं तुम्हालाच कळेल.