वेदनेची किंमत अडीच लाख डॉलर

मे १९७५ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या भूलतज्ज्ञांनी संप पुकारला आणि पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया खोळंबल्या. भांडण पगाराचे नव्हते, विम्याच्या हप्त्याचे होते. डॉक्टरवर हलगर्जीचा दावा लागला तर भरपाई विमा कंपनी भरते. दावे वाढल्याचे सांगत कंपन्यांनी हप्ते एकदम काही पटींनी चढवले होते. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि त्याच वर्षी ‘मायक्रा’ कायदा झाला.

अशा दाव्यात भरपाईचे दोन भाग असतात. उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई हा हिशेबाचा भाग. वेदना, अपंगत्व, माणूस गमावल्याचे दुःख हा दुसरा; त्याचा आकडा ज्युरी ठरवते. मायक्राने पहिल्यावर कमाल मर्यादा घातली नाही, दुसऱ्यावर मात्र अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली. वकिलाच्या वाट्यालाही चाप लावला. पुढे अनेक राज्यांनी हाच कित्ता गिरवला. टेक्सासमध्ये २००३ साली त्यासाठी राज्यघटना दुरुस्त करावी लागली आणि सार्वमतात ती निसटत्या बहुमताने मंजूर झाली.

समर्थकांचा युक्तिवाद ऐकायला सरळ आहे. डोकेदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला तपासून डॉक्टरला काही गंभीर वाटत नाही. तरी उद्या वकिलाने ‘स्कॅन का केला नाही?’ असे विचारू नये म्हणून तो सीटी स्कॅन लिहून देतो. दाव्याची धास्ती गेली की असे ‘सेफ साइड’चे उपचार कमी होतील आणि आरोग्यसेवा स्वस्त होईल, असे त्यांचे म्हणणे. धास्ती खरी आहे, पण तिची किंमत वाटते तेवढी नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दावे, विमा आणि असे बचावात्मक उपचार यांचा मिळून वार्षिक खर्च ५५.६ अब्ज डॉलर काढला. रक्कम डोळे विस्फारणारी, पण देशाच्या आरोग्यखर्चात तिचा वाटा २.४ टक्के. त्यातलाही सगळा वाचत नाही: अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००९ मध्ये देशव्यापी सुधारणांमुळे होणारी बचत सुमारे अर्धा टक्काच धरली होती. जिथे प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे मिळतात, तिथे स्कॅन लिहायला वकिलाची भीतीच लागते असे नाही. टेक्सासमध्ये दावे झपाट्याने घटले, हप्तेही उतरले. आरोग्यावरचा खर्च मात्र त्यामागून खाली आला नाही.

मर्यादेचा भार कोणावर पडतो, हे वकिलाच्या टेबलावर दिसते. चुकीच्या औषधाने दगावलेली व्यक्ती भरपगारी इंजिनिअर असेल, तर बुडालेल्या कमाईचाच दावा मोठा होतो. तीच व्यक्ती सत्तर वर्षांची निवृत्त आजी, गृहिणी किंवा तान्हे मूल असेल, तर हिशेबाच्या भागात फारसे काही उरत नाही. राहते ती मर्यादेतली रक्कम. अमेरिकेत अशा दाव्यांचा वकील जिंकल्यावरच वाटा घेतो, तोवर तज्ज्ञ साक्षीदारांची फी सहसा स्वतःच्या खिशातून भरतो. मायक्राच्या जुन्या नियमांनुसार २०२२ पर्यंत अडीच लाख पुरते पदरात पडले तरी त्याचा वाटा पाऊण लाखाच्या आतच असे. साहजिकच अशी प्रकरणे तो सहसा हाती घेत नसे. फालतू दावे रोखायला आणलेली तरतूद इथे खऱ्या दाव्यांनाही दारातूनच परतवत होती. न्यूयॉर्कमधल्या १९८४ च्या रुग्णालयीन नोंदींवरून हार्वर्डच्या संशोधकांनी तर मुळातच दाखवले होते, की हलगर्जीने इजा झालेल्यांपैकी फारच थोडे कोर्टात जातात.

शिवाय कॅलिफोर्नियाचा अडीच लाखांचा आकडा महागाईशी जोडलेलाच नव्हता. २०२२ पर्यंत त्याची क्रयशक्ती एक-पंचमांशाच्याही खाली गेली. मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव २०१४ मध्ये मतदारांनी फेटाळला होता. त्यात डॉक्टरांच्या अमली पदार्थ चाचणीचे कलमही घुसडले होते. २०२२ मध्ये मात्र पुन्हा सार्वमताची टांगती तलवार दिसताच डॉक्टर आणि वकील दोघांनी तडजोड केली. १ जानेवारी २०२३ पासून इजेसाठी साडेतीन लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख डॉलर ही नवी मर्यादा लागू झाली. दहा वर्षांत ती टप्प्याटप्प्याने साडेसात लाख आणि दहा लाखांवर जाईल, त्यानंतर दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढत राहील.