दाराशी कोणती रोपे लावावीत?

दिल्लीत फाल्गुन लागला की रस्त्याकडेची सावर लाल फुलांनी डवरते आणि मधमाश्यांची लगबग सुरू होते. नोएडा, गुरुग्राम येथील उंच इमारतींच्या सज्जांखाली आग्या माश्यांची मोठाली पोळी लोंबू लागतात. ज्या घरात कोणाला दंशाची ॲलर्जी आहे, तेथे हा काळ काळजीचा असतो. कारण अशा व्यक्तीच्या प्राणावर एकच दंश बेतू शकतो.

म्हणून बागेची हौसच सोडावी काय? मुळीच नाही. माशी येते ती मकरंद आणि पराग यांसाठी. तेव्हा दाराशी व सज्जात क्रोटन, मनी प्लांट, नेचे, अरेका पाम अशी पानांच्या शोभेची रोपे ठेवावीत. फुले हवीच असतील तर भरगच्च पाकळ्यांची जास्वंद किंवा गुलाब निवडावा. अशा फुलांत बहुतेक पुंकेसरांच्या पाकळ्याच झालेल्या असल्याने माशीच्या हाती फारसे काही लागत नाही. मधमाशीला तांबडा रंग नीट दिसत नाही, हे खरे. तरीही केवळ रंगावर विसंबू नये. सावर लाल असूनही माश्यांनी गजबजलेली असतेच.

पुदिन्याच्या वासाने माश्या पळतात असा समज आहे. पण तोच पुदिना फुलावर आला की त्या त्याच्याभोवती घोंघावतात. तुळशीचेही तसेच. तिच्या मंजिऱ्या वेळीच खुडाव्यात.

गांधीलमाशीला मात्र फुलांइतकीच सडकी फळे, गोड खरकटे आणि पानांवरच्या अळ्याही प्रिय. त्यामुळे झाडाखाली पडलेली फळे रोज उचलावीत. उन्हाळ्यात माश्या कूलरच्या पाण्यावर येतात. त्यांच्यासाठी बागेच्या दूरच्या कोपऱ्यात खडे घातलेली पाण्याची उथळ परात ठेवावी.

फुलझाडेही त्याच कोपऱ्यात लावावीत. काकडी आणि लाल भोपळा यांना फळ धरते ते मुख्यतः माश्यांच्याच कृपेने; म्हणून त्यांना दूर ठेवावे, नाहीसे करू नये. पोळ्याला स्वतः धूर करू नये, जाणकारास बोलवावे.

मधमाशी डसल्यास कातडीत रुतलेली नांगी तत्काळ काढून टाकावी. धाप लागली, चेहरा सुजला किंवा घेरी आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.