दाट झाडीतील हरणासाठी रायफल

आपल्याकडे शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने जवळजवळ निकालात काढला. रायफलीची निवड हा विषय आपण आता जुन्या शिकारकथांतच वाचावयाचा. अमेरिकेत मात्र तसे नाही. तेथील मेन, व्हरमाँट या ईशान्येकडील राज्यांत आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील अ‍ॅडिरॉन्डॅकच्या रानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार आजही दर शरद ऋतूत, परवाना काढून व ठरावीक मुदतीत होते. लांडगा त्या रानांतून नाहीसा झाल्यावर हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी माणसाकडेच आले. तेव्हा जनावर हालहाल होऊन मरू नये यासाठी हत्यार कोणते घ्यावे, हा तेथे रोजच्या व्यवहारातला प्रश्न आहे.

या रानात फर आणि स्प्रूसची कोवळी झाडे एकमेकांत गुंतलेली असतात. चाळीस-पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही. हरीण दिसलेच तर अर्धेमुर्धे, आणि तेही दोन-तीन क्षण. अशा ठिकाणच्या हत्याराला तिकडे ‘झाडीची रायफल’ म्हणतात आणि या नावानेच एक गैरसमज पसरविला आहे. जड व संथ गोळी फांद्या तोडीत सरळ जाते, हलकी व वेगवान गोळी मात्र भरकटते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पण लाकडी काठ्यांच्या रांगेतून गोळ्या झाडून पाहिल्या तेव्हा सगळ्याच गोळ्या वाट सोडतात असे आढळले.

याचे कारण अवघड नाही. गोळी स्वतःभोवती फिरत असते म्हणून तिचे तोंड पुढे राहते, भोवऱ्यासारखेच हे. काटकीचा धक्का लागला की तो तोल जातो, आणि मऊ शिशाचे टोक तेथेच फुलू लागते. गोळी केवळ एका अंशाने वळली तरी पुढे दहा मीटरवर ती सुमारे साडेसतरा सेंटिमीटर बाजूला पडते. हरणाचे काळीज व फुप्फुसे मिळून जागा जेमतेम वीतभर. म्हणजे मर्मावर धरलेला नेम पोटावर जातो, आणि पोटात गोळी लागलेले हरीण जाळीत शिरून तासन्‌तास तडफडते. तेव्हा झाडी भेदणारी रायफल शोधूच नये. मोकळी फट मिळताच खांद्याला येणारी शोधावी.

या कसोटीला विंचेस्टरची १८९४ ची रायफल चांगली उतरली. जॉन ब्राउनिंगने आखलेली ही रायफल वजनाने सुमारे तीन किलो, नळी वीस इंचांची. चापाभोवतालची कडी खाली-वर केली की दुसरे काडतूस चढते. तिचे ‘थर्टी-थर्टी’ काडतूस १८९५ चे. त्याची नेहमीची गोळी १७० ग्रेनांची, म्हणजे आपल्या तोळ्याहून किंचित कमी. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटून बार उडू नये म्हणून गोळीचे तोंड चपटे ठेवीत. अशी गोळी दूरवर मंदावते, पण पन्नास पावलांवर त्याने काय बिघडते?

१९४८ साली आलेली मार्लिन ३३६ त्याच घराण्यातली. तिचे रिकामे काडतूस बाजूने बाहेर पडते, म्हणून वर दुर्बीण बसविणे सोपे. जुन्या विंचेस्टरचे ते वरून उडते. दुर्बीण मात्र कमी शक्तीची हवी. आठ-दहा पटींच्या दुर्बिणीतून जवळचे हरीण म्हणजे नुसता तपकिरी केसांचा पडदा. कोणता भाग कोणता ते कळत नाही. आणि तो पडदा हरणाचाच आहे की माणसाच्या कोटाचा, हेही आधी कळले पाहिजे. अनेक राज्यांत शिकाऱ्याने भडक नारिंगी कपडा घालणे सक्तीचे आहे, ते याचसाठी. तरीही दुर्बिणीतून ‘कोण आहे’ हे पाहणे म्हणजे भरलेली रायफल माणसावर रोखणे; ती ओळख उघड्या डोळ्यांनीच पटवावी.

मोठ्या ताकदीच्या काडतुसाचा मोह नवख्याला फार. त्याचा दणका खांद्याला बसला की माणूस चाप ओढताना डोळे मिटू लागतो, आणि मग नेम गेलाच! दुकानात पुढील परीक्षा करावी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, डोळे मिटून ती झटकन खांद्याला लावावी व मग डोळे उघडावेत. माशी आपोआप डोळ्यांसमोर आली पाहिजे. मान वाकवावी लागली तर दस्ता लांब किंवा आखूड आहे. शिकारीच्या दिवसांत अंगावर जाड लोकरी कोट असतो, त्याने दस्ता इंचभर लांब झाल्यासारखा होतो. म्हणून दुकानात जाताना तोच कोट घालून जावे.